जीपचे चार लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

1987 ते 2006 या मॉडेल-वर्षांतील जीप गाड्यांत बसवलेल्या चार लिटरच्या पेट्रोल इंजिनाविषयी मला वेळोवेळी जे प्रश्न विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. विचारणारे बहुतेक जण अमेरिकेत राहणारे, जुनी चेरोकी किंवा रँग्लर घेतलेले किंवा घेण्याच्या विचारात असलेले मराठी लोक आहेत. माझ्याकडे 1998 ची चेरोकी आहे आणि तिचे बरेचसे काम मी घरीच करतो. खाली दिलेले आकडे अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांचे आहेत.

हे नेमके कोणते इंजिन आहे आणि ते कोणी बनवले?

अमेरिकन मोटर्स कॉर्पोरेशन या कंपनीने हे इंजिन विकसित केले. 1954 मध्ये नॅश-केल्व्हिनेटर आणि हडसन यांच्या एकत्रीकरणातून ही कंपनी उभी राहिली आणि 1970 मध्ये तिने कैसरकडून जीप विकत घेतली. तिच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांचे घराणे 1964 मध्ये 232 घनइंचांच्या इंजिनाने सुरू झाले. त्याच घराण्यातले 258 घनइंचांचे, म्हणजे 4.2 लिटरचे इंजिन 1970 च्या दशकातल्या सीजे जीपमध्ये बसत असे. चार लिटरचे इंजिन हे या घराण्याचे शेवटचे अपत्य.

1984 ची नवी चेरोकी बाजारात आली तेव्हा तिच्यात मोठे इंजिन म्हणून जनरल मोटर्सकडून घेतलेले 2.8 लिटरचे व्ही-सिक्स बसवलेले होते. त्याची ताकद 115 अश्वशक्ती होती आणि गाडीच्या मानाने ती अपुरी पडत असे. 1987 च्या मॉडेलपासून त्याच्या जागी हे चार लिटरचे इंजिन आले आणि पहिल्याच वर्षी त्याने 173 अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी क्रायस्लरने अमेरिकन मोटर्स विकत घेतली. कंपनी गेली, पण तिचे इंजिन पुढची जवळजवळ वीस वर्षे विस्कॉन्सिनमधल्या केनोशा येथे बनत राहिले.

त्याची मूळ मापे काय आहेत?

सिलिंडरचा व्यास 98.4 मिलिमीटर, स्ट्रोक 86.7 मिलिमीटर आणि एकूण क्षमता 3,956 घनसेंटिमीटर. ब्लॉक आणि त्याला वरून झाकणारे हेड दोन्ही बिडाचे आहेत. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच असून ती साखळीवर फिरते. तेथून हायड्रॉलिक टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर यांच्या मार्गाने व्हॉल्व्ह उघडतात. क्रँकला सात मुख्य बेअरिंगांचा आधार आहे. हवा आत नेणारा इनटेक आणि जळालेला वायू बाहेर नेणारा एक्झॉस्ट हे दोन्ही मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर आणि काही ठिकाणी एकाच बोल्टाखाली बसतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे टिकटिक आवाजाच्या प्रश्नात ती पुन्हा येणार आहे.

सहा सिलिंडर एका ओळीत असण्याने काय साधते?

क्रँकचे सहा थ्रो, म्हणजे पिस्टनचे दांडे जेथे जोडलेले असतात ते बाक, 120 अंशांच्या अंतराने असतात आणि पिस्टन जोडीजोडीने हलतात. पहिला आणि सहावा एकत्र वर येतात, तसेच दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा. त्यामुळे वरखाली होणाऱ्या वजनांचे प्रथम आणि द्वितीय प्रतीचे, म्हणजे क्रँकच्या फेरीत एकदा आणि दोनदा बसणारे धक्के, तसेच त्यांच्यामुळे निर्माण होणारे हेलकावे, एकमेकांना पूर्णपणे छेदून जातात. चार सिलिंडरच्या इंजिनात द्वितीय प्रतीचा धक्का उरतोच, आणि साध्या व्ही-सिक्समध्ये इंजिन डोलवणारा हेलकावा उरतो. सरळ सहामध्ये संतुलनासाठी वेगळा शाफ्ट लावावा लागत नाही. ज्वलनाचा क्रम 1-5-3-6-2-4 असा असून क्रँकच्या प्रत्येक 120 अंशांना एक ठिणगी पडते, म्हणून अगदी कमी फेऱ्यांवरही ओढ तुटक लागत नाही.

1991 नंतरची 190 अश्वशक्तीही आजच्या हिशेबाने कमीच; मग डोंगरातले लोक या इंजिनाचे एवढे कौतुक का करतात?

कारण खडकावर, चिखलात आणि वाळूत अश्वशक्तीच्या कमाल आकड्याला फारसा अर्थ नसतो. तेथे गाडीचा वेग माणसाच्या चालण्याइतका असतो आणि इंजिन हजार-बाराशे फेऱ्यांच्या पलीकडे क्वचितच जाते. या इंजिनाचे टॉर्क, म्हणजे क्रँक फिरवणारा जोर, 1991 नंतरच्या चेरोकीत सुमारे 305 न्यूटन-मीटर आहे. तो आकडा वरच्या फेऱ्यांवरचा असला, तरी त्यातला मोठा भाग अगदी खालपासूनच हाताशी असतो.

एक हिशेब मांडून पाहू. पाच गिअरच्या मॅन्युअल चेरोकीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर 3.83, ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) लो रेंजचे 2.72 आणि अॅक्सलचे 3.07 आहे. तिन्हींचा गुणाकार सुमारे 32 येतो. म्हणजे इंजिन 700 फेऱ्यांवर नुसते आयडलिंग करत असेल, तर चाक मिनिटाला बावीसएक फेऱ्या घेते आणि मूळ मापाच्या टायरवर गाडी ताशी तीन किलोमीटरने पुढे सरकते. या वेगात पाय अॅक्सिलरेटरवरून काढून ठेवावा आणि गाडीला तिची तिची चढू द्यावी. पुढचे चाक दगडाला टेकते, इंजिनाचा आवाज क्षणभर खाली बसतो, बॉनेट किंचित उचलले जाते, आणि बंद न पडता, न ओढाताण करता गाडी दगड ओलांडून जाते. ज्यांनी लहान, वरच्या फेऱ्यांवर जोर करणाऱ्या इंजिनाची गाडी अशा चढावर क्लच जाळत नेली आहे, त्यांना हा फरक सांगून पटवावा लागत नाही.

‘रेनिक्स’ इंजिन आणि ‘हाय आउटपुट’ इंजिन यांत फरक काय?

1987 ते 1990 या वर्षांत इंधन आणि ठिणगीचे नियंत्रण रेनॉ आणि बेंडिक्स यांच्या संयुक्त कंपनीने बनवलेल्या प्रणालीकडे होते. दोन नावांवरून तिला रेनिक्स म्हणतात. 1991 मध्ये क्रायस्लरने स्वतःची प्रणाली बसवली, हेडमधले इनटेकचे मार्ग उंचावले, थ्रॉटल बॉडी मोठी केली आणि एक्झॉस्टचा वायू परत आत घेणारी ईजीआर यंत्रणा काढून टाकली. चेरोकीची ताकद 177 वरून 190 अश्वशक्तीवर गेली. कॉम्प्रेशन मात्र 9.2 वरून 8.8 पर्यंत उतरवले होते, म्हणजे वाढ श्वास मोकळा झाल्याने मिळाली.

मालकाच्या दृष्टीने खरा फरक दोष शोधण्याच्या पद्धतीत आहे. रेनिक्स गाडीत चेक इंजिनचा दिवा नाही आणि संगणक दोषाची नोंद ठेवत नाही, त्यामुळे मीटर हातात घेऊन एकेक सेन्सर आणि अर्थिंग तपासावे लागते. 1991 ते 1995 च्या गाड्यांत सेल्फ न मारता किल्ली झटपट चालू-बंद-चालू-बंद-चालू अशी फिरवून चालू ठेवली, की चेक इंजिनचा दिवा मिचकावून आकडे सांगतो. आकड्यांची मालिका संपली की 55 येतो. 1996 पासून डॅशबोर्डाखाली सोळा पिनांचा ओबीडी-टू प्लग आहे आणि साधा स्कॅनर पुरतो. रेनिक्स वाईट नाही. ती फक्त बोलत नाही. तिच्या मालकाने सगळ्यात आधी बॅटरीपासून ब्लॉक आणि बॉडीपर्यंतच्या अर्थच्या वायरी घासून स्वच्छ कराव्यात, कारण निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात असा माझा अनुभव आहे.

हे इंजिन मरतच नाही, असे म्हणतात. ते खरे आहे का?

दोन लाख मैल, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटर चालून अजून न खोललेली ही इंजिने विरळ नाहीत. भक्कम बिडाचा ब्लॉक, सात बेअरिंगे, कमी फेऱ्या आणि ओव्हरहेड कॅमच्या लांबलचक साखळीऐवजी एक आखूड साखळी, ही त्याची कारणे आहेत. पण या म्हणण्याचा लोक चुकीचा अर्थ काढतात. मरणारे इंजिन बहुधा स्वतःमुळे मरत नाही. रेडिएटर, वॉटर पंप, होज, सेन्सर, गॅस्केट या भोवतालच्या वस्तू आधी थकतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष होते आणि शेवटी त्याची किंमत ब्लॉक आणि हेड मोजतात. म्हणून कोणतीही तक्रार आली तरी आधी भोवताली पाहावे आणि मगच इंजिन खोलण्याचा विषय काढावा. या पानावरची बहुतेक उत्तरे याच एका सल्ल्याची उदाहरणे आहेत.

माझी चेरोकी उन्हाळ्यात चढावर गरम होते. इंजिनात दोष आहे का?

बहुधा नाही. चेरोकीचे बॉनेट अरुंद आहे, इंजिन लांब आहे आणि रेडिएटरला उंची कमी मिळाली आहे. नवी असताना ही व्यवस्था पुरेशी होती, पण तिच्यात शिल्लक फार नव्हती. वीस-पंचवीस वर्षांनी रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसले, पंख्याचा व्हिस्कस क्लच (तापल्यावर पंख्याला इंजिनाशी घट्ट जोडणारा भाग) सैल पडला आणि कूलंट पातळ किंवा जुनाट झाला, की ती शिल्लक संपते.

थंड इंजिनावर पुढून हात घालून पंखा फिरवून पाहावा. तो सहज गरगर फिरत असेल तर क्लच गेलेला आहे. थोडा अडवून फिरायला हवा. दुसरा, विजेवर चालणारा पंखा एसी लावल्यावर आणि तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर सुरू होतो का, हे पाहावे. त्याचा रिले जळालेला असतो आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही. मग रेडिएटर. हायवेवर वेगात गाडी गरम होत असेल तर संशय रेडिएटरवर धरावा. ट्रॅफिकमध्ये उभी असताना होत असेल तर पंख्यांवर.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला आपल्याकडचे अनेक मिस्त्री देतात. तो येथे मानू नये. 195 अंश फॅरनहाइटचा, म्हणजे सुमारे 91 अंश सेल्सिअसचा थर्मोस्टॅट या इंजिनासाठी ठरवलेला आहे. तो काढला की इंजिन थंडीत नीट तापत नाही, संगणक मिश्रण जाड ठेवतो, पेट्रोल वाढते आणि सिलिंडरची झीजही वाढते. शिवाय अडलेला रेडिएटर अडलेलाच राहतो.

1990 पर्यंतच्या चेरोकींना रेडिएटरवर झाकणच नाही. दाबाखालची प्लास्टिकची बाटली वेगळी बसवलेली आहे. ती बाटली तडकते. तडकलेल्या बाटलीने दाब धरला नाही की कूलंट लवकर उकळतो, आणि लोक हेड गॅस्केट बदलत बसतात.

4.2 चे वॉटर पंप चार लिटरच्या इंजिनाला चालते का?

ते बसते, पण चालत नाही. जुन्या 4.2 वर पंप व्ही-बेल्टने एका दिशेने फिरत असे; चार लिटरच्या इंजिनावरचा एकच लांब सर्पाकार पट्टा त्याला उलट दिशेने फिरवतो. आतल्या पात्यांचा कल त्यामुळे वेगळा आहे. चुकीचे पंप लावल्यास गळती होत नाही, आवाज येत नाही, फक्त गाडी गरम होत राहते. जुन्या सीजेमध्ये हे इंजिन बसवणाऱ्यांनी हे आधी तपासावे.

थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक येते आणि गरम झाल्यावर जाते. काय असावे?

तीन शक्यता आहेत. पहिली टॅपेटची: रात्रभर उभ्या गाडीत हायड्रॉलिक टॅपेटांतले ऑइल उतरते आणि सुरू केल्यावर काही सेकंदांत पुन्हा भरते. हा आवाज लगेच थांबत असेल तर काळजीचे कारण नाही. दुसरी एक्झॉस्ट मॅनिफोल्डची: 1990 च्या दशकातल्या नळ्यांच्या मॅनिफोल्डला जोडाजवळ चीर पडते, ती थंडीत उघडी असते आणि धातू तापून फुगला की मिटते. तिसरी पिस्टनची: झिजलेल्या सिलिंडरमध्ये थंड पिस्टनचा स्कर्ट भिंतीवर आपटतो आणि तापल्यावर तो फुगून जागा भरून काढतो.

ओळखण्यासाठी मी लांब स्क्रूड्रायव्हर वापरतो. मूठ कानाच्या मागच्या हाडाला टेकवायची आणि टोक व्हॉल्व्ह कव्हरच्या बोल्टावर, मग ब्लॉकच्या बाजूवर, एकेक सिलिंडरखाली ठेवत जायचे. टॅपेटचा आवाज वरून, कोरडा आणि हलका येतो. पिस्टनचा आवाज ब्लॉकच्या बाजूने, जड येतो आणि त्या सिलिंडरची प्लगची वायर काढली की मंदावतो. दोन्हीकडे काही सापडत नसेल तर थंड इंजिनावर मॅनिफोल्डभोवती हात फिरवून पाहावा: चिरेतून निघणारे वाफेचे फुत्कार तळव्याला स्पष्ट जाणवतात, आणि त्या जागी काळी काजळी बसलेली असते. मॅनिफोल्ड बदलताना इनटेकही ढिला करावा लागतो, कारण दोन्हींची गॅस्केट एक आहे. त्यामुळे एकाच श्रमात इनटेकच्या हवागळतीचीही दुरुस्ती होऊन जाते.

तापल्यानंतरही टिकून राहणारा, आणि गाडी ओढीत असताना वाढणारा खालचा ठोका मात्र वेगळा. तो बेअरिंगचा असू शकतो आणि तो ऐकल्यावर गाडी चालवू नये.

मागच्या बाजूने ऑइल गळते. क्रँकचे मागचे सील गेले आहे का?

कदाचित, पण आधी वर पाहावे. माझ्या गाडीखाली एका हिवाळ्यात फरशीवर रोज हाताच्या पंजाएवढा डाग पडू लागला. एका गॅरेजने क्रँकचे मागचे सील गेल्याचे सांगून मोठा खर्च काढून दिला. मी इंजिनाचा मागचा भाग डीग्रीझरने धुतला, पूर्ण सुकवला, बेलहाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या घंटेसारख्या आवरणावर) आणि ब्लॉकच्या मागच्या कडेवर टाल्कम पावडर फुंकली आणि गाडी अर्धा तास फिरवली. परत येऊन टॉर्च लावली तेव्हा पांढऱ्या पावडरीवरून एक तपकिरी रेघ व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कोपऱ्यापासून सरळ खाली उतरत होती. सील कोरडे होते. व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट बदलल्यावर डाग बंद झाला.

इंजिन मागच्या बाजूला किंचित कललेले असते, त्यामुळे वरून, बाजूने, कोठूनही गळलेले ऑइल शेवटी बेलहाउसिंगच्या खालच्या टोकाशीच थेंब होऊन पडते. संशयाचा क्रम असा ठेवावा: आधी व्हॉल्व्ह कव्हर, मग ऑइल फिल्टर ज्याच्यावर बसतो त्या अडॅप्टरच्या आतल्या ओ-रिंगा, मग ऑइल प्रेशरचा सेन्सर, आणि सगळ्यात शेवटी क्रँकचे सील. व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्ट पिळून गळती थांबवण्याचा मोह आवरावा. ते हलक्या टॉर्कचे आहेत आणि जास्त आवळले की कव्हरच वाकते.

सीलच गेले असेल तरी घाबरण्याचे कारण नाही. ते दोन तुकड्यांचे आहे. ऑइल पॅन आणि मागच्या मुख्य बेअरिंगची कॅप काढून वरचा अर्धा तुकडा हळूहळू ढकलत फिरवून बाहेर काढता येतो, गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

गाडी चालता चालता बंद पडते, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. कशामुळे?

पहिला संशय क्रँकच्या स्थितीच्या सेन्सरवर धरावा. तो बेलहाउसिंगवर, फ्लायव्हीलजवळ बसतो आणि एक्झॉस्टची आंच त्याला रोज लागते. आतली जोडणी तापल्यावर तुटते, थंड झाल्यावर जुळते. त्यामुळे गाडी टो करून गॅरेजमध्ये नेईपर्यंत ती व्यवस्थित सुरू होते आणि मेकॅनिकला दोष सापडत नाही. सेल्फ मारताना इंजिन फिरते पण ठिणगी पडत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाहीत, ही त्याची खूण आहे. एक सुटा सेन्सर आणि लांब एक्स्टेंशनचा पाना गाडीत ठेवणे, विशेषतः रस्त्यापासून दूर जाणाऱ्यांनी, शहाणपणाचे आहे. बोल्ट हाताला जवळजवळ लागत नाही, म्हणून पहिल्यांदा हे काम घरी, उजेडात करून सराव ठेवावा.

‘0331’ हेड म्हणजे काय आणि त्याची एवढी भीती का?

2000 च्या सुमारास बदललेल्या हेडवर शेवटी 0331 असा ओतीव क्रमांक आहे. त्याच काळात डिस्ट्रिब्युटर गेला आणि त्याच्या जागी प्लगांवर बसणारी कॉइलची पट्टी आली. या हेडच्या सुरुवातीच्या ओतकामात तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधोमध, व्हॉल्व्ह कव्हरच्या खाली, चीर पडण्याची शक्यता होती. चिरेतून कूलंट थेट ऑइलमध्ये उतरतो. बाहेर थेंबही दिसत नाही, बाटलीतली पातळी मात्र कमी होत जाते. पातळ झालेले ऑइल बेअरिंगांना पुरत नाही, आणि म्हणूनच या दोषाची भीती बाळगणे योग्य आहे.

पुढे ही जागा मजबूत केली गेली. सुधारित हेडवर ब्राझीलमधल्या टूपी या ओतशाळेचे नाव उठावात दिसते. अशी गाडी असेल तर ऑइल भरण्याचे झाकण काढून आत टॉर्च मारावी. दुधाळ, चॉकलेटी रंगाचा थर दिसला तर गाडी तेथेच थांबवावी. एक खुलासा आवश्यक आहे: कडक थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या झाकणाला पांढरट फेस लागतो, तो आतल्या बाष्पाचा असतो. डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल तर घाबरू नये.

गरम इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू केले की मिसिंग होते. हेसुद्धा हेडचेच का?

नाही. याच नंतरच्या वर्षांच्या गाड्यांत तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरला एक्झॉस्टची उष्णता जास्त बसते. बंद इंजिनात थांबलेले पेट्रोल तेथे वाफाळते आणि सुरू केल्यावर मिनिटभर तो सिलिंडर नीट पेटत नाही. इंजेक्टरवर उष्णतारोधक आवरण घालणे हा त्यावरचा मान्य उपाय आहे.

2005 आणि 2006 च्या रँग्लरविषयी वेगळी काळजी घ्यावी का?

होय. या गाड्यांत ऑइल पंप फिरवणारा आणि कॅमचा सेन्सर धरणारा जो भाग आहे, त्याच्या बुशला ऑइल पुरेसे न मिळाल्याने तो झिजतो. सुरुवातीला पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा आवाज येतो. त्याकडे दुर्लक्ष केले तर गिअर झिजतात, कॅमशाफ्टचा गिअरही त्यात जातो आणि ऑइल पंप थांबल्यास सगळे इंजिन जाते. आवाज नसला तरी हा भाग काढून हाताने फिरवून पाहावा.

ऑइल कोणते आणि किती घालावे? प्रेशर किती असावे?

फिल्टर धरून 5.7 लिटर. साधारण हवामानात 10डब्ल्यू-30 आणि कडाक्याच्या थंडीत 5डब्ल्यू-30. गरम इंजिनावर आयडलिंगला किमान 13 पीएसआय आणि 1,600 फेऱ्यांच्या वर 37 ते 75 पीएसआय हे कारखान्याचे प्रमाण आहे. सिग्नलला काटा खाली आलेला पाहून अनेक जण घाबरतात. 13 च्या वर असेल तर इंजिन ठीक आहे. शंका असेल तर सेन्सर काढून तेथे यांत्रिक गेज लावून मोजावे, कारण डॅशबोर्डवरचा काटा सेन्सरइतकाच विश्वासार्ह असतो. या इंजिनाचे टॅपेट सपाट तळाचे आहेत आणि कॅमवर घासत चालतात, त्यामुळे नवी कॅमशाफ्ट बसवल्यावर पहिल्या सुरुवातीसाठी जस्ताचे संयुग असलेले ऑइल वापरणे अत्यावश्यक आहे.

मायलेज किती मिळते?

फोर-व्हील-ड्राइव्ह ऑटोमॅटिक चेरोकीत शहरात 15 आणि हायवेवर 20 मैल प्रति गॅलन धरून चालावे. म्हणजे लिटरला साधारण साडेसहा ते साडेआठ किलोमीटर. मोठे टायर लावल्यास आणखी कमी. मायलेजसाठी ही गाडी कोणी घेऊ नये.

‘स्ट्रोकर’ म्हणजे काय आणि तो करावा का?

एकाच घराण्यातले असल्यामुळे 4.2 च्या इंजिनाचा क्रँक चार लिटरच्या ब्लॉकमध्ये बसवता येतो. त्याचा स्ट्रोक सुमारे 99 मिलिमीटर आहे. सिलिंडर 30 हजारांश इंच बोअर केले की क्षमता 4.6 लिटर होते आणि खालची ओढ आणखी वाढते. काम लेथवरचे आणि मोजमापाचे आहे: पिस्टनची उंची, कॉम्प्रेशन, इंजेक्टरची क्षमता, संगणकाची मर्यादा, सगळे जुळवावे लागते. इंजिन तसेही बांधायला काढले असेल तर विचार जरूर करावा. चालते, निरोगी इंजिन केवळ यासाठी खोलू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढे चांगले होते तर ते बंद का झाले?

लांबी हे एक कारण. छोटे बॉनेट आणि अपघातात चुरगळून धक्का शोषणारा पुढचा भाग यांत आखूड व्ही-सिक्स सोपे पडते, आणि तेच इंजिन कंपनीच्या इतर गाड्यांतही वापरता येते. उत्सर्जनाचे नियम आणि पेट्रोलचा खप हे दुसरे. चेरोकी 2001 मध्ये थांबली, ग्रँड चेरोकीने 2005 च्या मॉडेलपासून हे इंजिन सोडले आणि 2006 ची रँग्लर ही शेवटची. पुढच्या वर्षीच्या रँग्लरमध्ये 3.8 लिटरचे व्ही-सिक्स आले. केनोशाचा कारखाना 2010 मध्ये बंद झाला.

भारतात हे इंजिन कधी आले होते का?

अधिकृतपणे नाही. महिंद्राने भारतात बांधलेल्या जीपगाड्यांची परंपरा चार सिलिंडरच्या इंजिनांची होती, आणि जीप हा ब्रँड स्वतः भारतात आला तो 2016 मध्ये. पुण्याजवळ रांजणगावला 2017 पासून जी कंपास बनते, तिचे इंजिनही चार सिलिंडरचे.

मात्र सरळ सहा सिलिंडरची, डोंगरात जाणारी गाडी आपल्याकडे होतीच: जबलपूरच्या कारखान्यात 1969 पासून सैन्यासाठी बनलेली जोंगा. ती निसान पेट्रोलवर, म्हणजे त्या नावाच्या जपानी गाडीवर, आधारित होती आणि तिच्या पेट्रोल इंजिनाची क्षमताही बरोबर 3,956 घनसेंटिमीटर होती. आकडा तोच, पण इंजिनाचा स्वभाव वेगळा: व्यास 85.7 आणि स्ट्रोक 114.3 मिलिमीटर, म्हणजे अरुंद सिलिंडर आणि लांब फेरी, जुन्या ट्रकच्या धाटणीची. जीपच्या इंजिनात व्यास स्ट्रोकपेक्षा मोठा आहे. लिलावात घेतलेल्या जोंगा महाराष्ट्रात आजही कोणाकोणाकडे जपलेल्या दिसतात. दोन्ही इंजिने ऐकण्याची संधी ज्यांना मिळेल त्यांनी ती सोडू नये.

जुनी गाडी घेताना अर्ध्या तासात काय पाहावे?

विकणाऱ्याला इंजिन आधी सुरू न करण्यास सांगावे आणि पोहोचल्यावर ब्लॉकला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी, कारण वरचे सगळे आवाज थंडीतच ऐकू येतात. कूलंटचा रंग आणि डिपस्टिक पाहावी. सुरू करून पंधरा मिनिटे एसी लावून उभी ठेवावी आणि तापमानाचा काटा कोठे स्थिरावतो ते पाहावे. मग चढावर न्यावी. शेवटी बंद करून दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा सुरू करावी. गंज मात्र इंजिनाआधी पाहावा: चेरोकीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, आणि सडलेल्या बॉडीतले उत्तम इंजिन म्हणजे फक्त सुटे इंजिनच.

हेड पुन्हा बसवताना एक बोल्ट वेगळा आवळायचा असतो, असे ऐकले आहे. कोणता?

क्रमांक 11. एकूण चौदा बोल्ट असून ते आवळण्याच्या क्रमानेच त्यांचे क्रमांक ठरलेले आहेत. टॉर्क पान्याने 22, 45 आणि 110 फूट-पाउंड अशा टप्प्यांत आवळत जावे. अकरावा मात्र 100 वर थांबवावा आणि त्याच्या आट्यांना आधी सीलंट लावावे.